पुसातले भेदरे

आमच्याकडे टमाटर विकत आणतात आणि भेदरे आपोआप होतात.

टमाटर म्हणजे आठवडी बाजारातला, गोल, गुळगुळीत, दाबून पाहिला की विकणाऱ्या बाईला राग आणणारा. भेदरा म्हणजे बोरापेक्षा जरा मोठा, आंबट, भांडी घासायच्या जागेशेजारी कुणी न लावता उगवलेला. टमाटर भाजीत पडतो. भेदरे निखाऱ्यावर भाजतात, हिरवी मिरची, लसूण आणि सांबार घालून कुटतात आणि गरम भातासोबत खातात. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. इडलीवर ओततात ते वेगळं. भेदऱ्याची चटणी ज्या घरी झाली, त्या घरी त्या दिवशी भाजी काय केली हे कुणी विचारत नाही.

टोमॅटो हा तिसरा प्रकार. तो पुण्याचा. तो आमच्या घरी कुरिअरने आला.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. शिवाय दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं होतात, त्यात मी खलनायक करतो. दिवसा लोकांच्या लग्नाचे मंडप उभारायचे आणि रात्री रंगमंचावर लोकांची लग्नं मोडायची, असा माझा जोडधंदा आहे. त्यामुळे स्वतःच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा मला वाटलं होतं, या विषयात आपल्याला कुणी काही शिकवू शकणार नाही.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिने तिथलाच एक मुलगा पसंत केला. मुलगा आम्ही फोनवर पाहिला. चांगला वाटला. काहीही विचारलं तरी ‘हो काका’ म्हणायचा. आम्ही त्याला संस्कार समजलो. ते प्रशिक्षण होतं, हे त्याच्या आईशी बोलल्यावर कळलं.

त्याची आई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्या खुर्चीत अशा बसल्या होत्या की आम्ही दोघं नवरा-बायको आपोआप उभे राहिलो. पडद्याच्या कोपऱ्यात अर्धा कान दिसत होता. तो त्यांच्या यजमानांचा. पुढचे कित्येक महिने मी माझ्या होणाऱ्या व्याह्यांना त्या अर्ध्या कानावरूनच ओळखत होतो. कान कधी बोलला नाही.

“घराला बाग आहे का?” बाईंनी विचारलं.

रंगमंचावर उभं राहायची सवय असलेल्या माणसाचं तोंड डोक्याच्या आधी सुटतं. मी म्हणालो, “बाग? अहो, आमचं घरच बागेत आहे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरामागे बांबूंचा ढीग, मोडक्या खुर्च्यांचा दुसरा ढीग, एक कारल्याचा वेल आणि भांडी घासायच्या दगडापासून निघणारी एक नाली आहे. नालीच्या काठाने भेदरे उगवतात. घर बागेत आहे म्हणण्यापेक्षा गोदामाला घर चिकटलंय म्हणणं सत्याला धरून झालं असतं.

“छान,” बाई म्हणाल्या. “मी माणसांची पारख झाडांवरून करते. तुम्हाला बी पाठवते. प्लम टोमॅटो. छोटे, लांबट. तीन जाती आहेत. माझ्या गच्चीवर अप्रतिम येतात. तुम्हाला तर जमीन आहे.”

त्याच दिवशी मुलीचा फोन आला. आवाज दबका.

“बाबा, ते बी नीट लावा. मोठ्या सुनेच्या माहेरी त्यांनी मोगऱ्याचं रोप दिलं होतं. ते वाळलं. अजून जेवताना विषय निघतो.”

“अगं, टमाटराचं काय एवढं?”

“त्या हो म्हटल्याशिवाय हा हो म्हणणार नाही. आणि हा सोडून मी दुसऱ्या कुणाला हो म्हणणार नाही. टोमॅटो जगवा, बाबा.”

तर असं होतं. माझ्या मुलीचं लग्न आता मातीत पेरायचं होतं.

पाकीट घेऊन आलेला कुरिअरवाला गोंदियाचा, म्हणून हिंदीत बोलणारा. त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “अंकल, इतना टेप? सोना है क्या?”

“टमाटर का बीज है.”

“टमाटर का?” तो गाडी सुरू करेपर्यंत माझ्याकडे दयेने बघत होता.

आत तीन पुड्या होत्या. एक लाल, एक पिवळी आणि एक काळपट, पट्ट्यापट्ट्यांची. शेजारचे काका, म्हणजे निवृत्त रेल्वे गेटमन, कुंपणावरून वाकून पाहत होते. गाडी यायच्या आधी फाटक लावायची आयुष्यभराची सवय असल्यामुळे त्यांना आमच्याकडे काय येतंय ते आमच्या आधी कळतं.

“काय होय जी, डेकोरेशनवाले?”

“प्लम टोमॅटो.”

“पलम म्हंजे आलुबुखार. मंग टमाटर कायले म्हनता?”

“आलुबुखाराच्या आकाराचा टोमॅटो.”

“मंग भेदराच म्हना ना. बाहेरगावी जाऊन आला, एवढंच.”

हे वाक्य बायकोला इतकं आवडलं की तिने तिथल्या तिथे तिन्ही पुड्यांना ‘पुन्याचे भेदरे’ असं नाव देऊन टाकलं. बायकोचं माहेर केशोरी. तिकडे वस्तूला एकदा नाव दिलं की ते बदलायला ग्रामसभा बोलवावी लागते. मी तिला समजावलं, हे बघ, पाहुणे येतील त्यांच्यासमोर भेदरे म्हणू नको. खेडवळ वाटतं. टोमॅटो म्हण. निदान प्लम म्हण.

“पलम,” ती म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून हसायला लागली. तिच्या हसण्यावरून मला दिसलं की हा शब्द या घरात टिकणार नाही.

लग्नाच्या पंगतीतून उरलेले पळसाच्या पानांचे द्रोण दुकानात भरपूर असतात. त्यात माती, शेणखत आणि चिमूटभर राख घालून मी बी टोकलं. रोपं वीतभर झाली की द्रोणासकट जमिनीत, म्हणजे मुळाला धक्का नाही. ही माझी स्वतःची युक्ती. मी ती पुण्याला अभिमानाने कळवली. उलट आवाजी संदेश आला. “द्रोण काढून लावा. मुळांना मोकळीक हवी.” मी परत ‘हो’ लिहिलं. ‘हो’ लिहिल्यावर लक्षात आलं, आपणही त्या मुलासारखेच झालो.

त्यानंतर रोज सकाळी पुण्याचा आवाज परसात येऊ लागला. बगलेतले फुटवे खुडा. खालची पानं काढा. पाणी पानांवर नको, बुडाशी द्या. संध्याकाळी नको, सकाळी द्या. फोन खिशात ठेवून मी खुडायचो, काढायचो, द्यायचो. टमाटराच्या पानांचा हिरवा-पिवळा चीक बोटांना लागतो तो साबणाने जात नाही, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. दुकानात माप घेताना गिऱ्हाईक माझ्या बोटांकडे बघायचं.

नवरात्रात रोपं जमिनीत गेली, दिवाळीला फुलं आली, आणि पहिली फळं धरली तशी त्यांची बुडं काळी पडायला लागली. वरून गोंडस, खालून सडकं. मी फोटो पाठवला. आवाज आला, “कॅल्शियम कमी आहे. अंड्यांची टरफलं वाळवून, चुरून बुडाशी घाला.”

आता इथे एक अडचण होती. मी गावातल्या भजनी मंडळाचा अध्यक्ष आहे आणि आमच्या घरात अंडं आजतागायत आलेलं नाही. पण मुलीचं लग्न होतं. मी सकाळी स्टेशनसमोरच्या आमलेटच्या गाड्यावर जाऊन टरफलं मागितली. गाडेवाल्याने काही न विचारता पिशवी भरून दिली. न विचारणारी माणसं फार धोकादायक असतात. ती उत्तर स्वतःच तयार करतात. दोन दिवसांत मंडळात कुजबुज सुरू झाली की अध्यक्ष अंडी खातात, आणि तीही पिशवी पिशवी. एक ज्येष्ठ सभासद मला बाजूला घेऊन म्हणाले, “खा, त्याचं काही नाही. पण टरफलं काऊन घरी नेता?”

मी म्हणालो, “टमाटराला घालतो.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “नाही सांगायचं तर नका सांगू.”

टरफलांनी गुण आला की थंडीने, मला माहीत नाही, पण बुडं सुधारली. लाल जात झुपक्यांनी लागली. पिवळी तर दिव्यांच्या माळेसारखी दिसायची, आणि माळांची पारख माझ्याइतकी कुणाला. पट्ट्यापट्ट्यांची जात मात्र रुसून बसली. एका झाडावर काही फळं धरली, तीही खूप विचार करून. आणि नालीकाठचे भेदरे, ज्यांना कुणी खुडलं नाही, टरफल घातलं नाही, सकाळचं पाणी दिलं नाही, ते खरकट्या पाण्यावर असे माजले की नालीच दिसेना.

मग वानरं आली. आमच्याकडची वानरं काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आणि घरमालकासारखी चालतात. टोळी गेटमन काकांच्या छपराच्या कवेलूंवरून माझ्या परसात उतरली. एकाने पिवळा टोमॅटो तोडला, चावला, तोंड वाकडं केलं आणि माझ्या दिशेने फेकला. दुसऱ्याने तेच केलं. ती खात नव्हती, परीक्षण करत होती. मी खलनायकाचं हसू हसलो. त्या हसण्याने चार तालुक्यांत बायका पोरांना पदराआड घेतात. वानरं थोडा वेळ थांबली, मग एकाने माझ्यासारखंच तोंड केलं.

शेवटी दुकान कामाला आलं. मी चार बांबू रोवले, चारी बाजूंनी आणि वरून हिरवी जाळी बांधली, आणि कडेचा भाग उघडा राहत होता म्हणून मंडपाची गुलाबी झालर जोडली. हात बसलेला असल्यामुळे कोपऱ्यांवर कापडाचे फुगेही आपोआप पडले. नालीकाठ बाहेर राहिला. भेदऱ्यांना वानर तोंड लावत नाही, आंबट असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून आवाज. “कोनाचं लगन होय जी?”

“कोणाचं नाही. टमाटर आहेत आत.”

“बरं,” गेटमन काका म्हणाले. “पत्रिका देजा.”

एवढ्यात पुण्याहून निरोप आला की बाई आणि त्यांचे यजमान येणार. पण पूस, म्हणजे पौष, लागला होता. पुसाच्या महिन्यात लग्नाची बोलणी काढत नाहीत, आमच्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही. बाईंनी तोडगा काढला. “बोलणी माघात. आत्ता आम्ही फक्त टोमॅटो बघायला येतोय.”

यातला बारकावा आम्हाला लगेच समजला. लग्न हा शब्द काढायचा नाही. मुलीचं नाव काढायचं नाही. बायकोने त्यांना विहीनबाई म्हणायचं नाही. जे काही विचारायचं ते टोमॅटोबद्दल विचारायचं, आणि जे काही उत्तर मिळेल ते टोमॅटोबद्दल मिळेल. हो असेल तर तेही टोमॅटोतूनच येणार, नाही असेल तरी टोमॅटोतूनच. मी कित्येक नाटकं केली, पण इतकी अवघड संहिता हातात आली नव्हती.

येण्याच्या आठवडाभर आधी मी दवनीवाड्याला मंडप घालायला गेलो होतो. फोन घरी विसरलो. आणि बाईंचा फोन आला. तो बायकोने उचलला.

पुढचं संभाषण मी त्या दिवशी ऐकलं नाही. नंतर दोन्ही पक्षांकडून वेगवेगळं ऐकलं आणि जोडून घेतलं. आता मी ते दोन आवाजांत करून दाखवतो, आणि पंगतीत फर्माईश होते. समजून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की पुण्यात भेदरा नावाची भाजी नाही. तिकडे माणूस भेदरतो. घाबरून गर्भगळीत झालेल्याला तिकडे भेदरलेला म्हणतात, आणि बस, तेवढाच अर्थ आहे.

बाई म्हणाल्या, “आम्ही येतोय म्हणून फार धावपळ करू नका हं, वहिनी.”

“धावपळ कायची? घरात भेदरेच भेदरे होऊन राहिले, तेवढंच.”

“भेदरलेत? कोण?”

“सारेच. लहानबी, मोठेबी.”

“अहो, पण कशाला?”

“आता कशाले म्हंजे काय, थंडी हाये ना. थंडीत जादाच होतात. तुमी येऊन राहिल्या म्हनून यायनं मांगं जाळी बांदली. त्याच्यात कोंडून ठेवलं साऱ्यायले.”

“कोंडून ठेवलंय?”

“नाइ तं वानरं नेतात. पन मी यायच्या चोरून दोन-चार बाहेर काढतो अन् कुटतो. यायले नका सांगजा.”

इथे म्हणे पुण्याहून बराच वेळ आवाज आला नाही. बायकोला वाटलं लाइन गेली, म्हणून तिने मोठ्याने सांगितलं, “तुमी आल्या का तुमच्यासमोरच कुटीन. पाहान तुमी.”

संध्याकाळी मी परत आल्यावर बायको म्हणाली, त्यांचा फोन होता, मी सांगितलं भेदरे लय झाले म्हणून. मी कपाळाला हात लावला. शब्द गेलाच. पण खेडवळ वाटण्यापलीकडे काही बिघडलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ठरल्या दिवशी मी गोंदिया स्टेशनवर गाडी घेऊन गेलो. अर्धा कान पहिल्यांदा पूर्ण माणूस म्हणून पाहिला. उंच, शांत गृहस्थ, दोन्ही हातांत सामान. बाई हमालाशी, चहावाल्याशी, पार्किंगवाल्याशी मराठीत बोलल्या आणि तिघांनीही हिंदीत उत्तर दिलं. “आपण महाराष्ट्रातच आहोत ना?” त्यांनी विचारलं. पण ज्या स्वरात विचारलं त्याने मला धडकी भरली. तो स्वर गोड होता. शिक्षिकेचा करडा आवाज मी महिनोन् महिने ऐकला होता; हा आवाज तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवताना काढतात तसा होता. आमच्याकडे एखाद्याला स्थळ नाकारायचं असलं की तो आधी असाच मऊ होतो. मी गाडी चालवता चालवता मनातल्या मनात मुलीला धीर द्यायला सुरुवात केली.

घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला, खूप छान म्हणाल्या, आणि पर्समधून चॉकलेटांची मोठी पिशवी काढली.

“मुलं कुठे आहेत?”

“कोणती मुलं?” मी विचारलं. आम्हाला एकच मुलगी, आणि पुसात तिचा विषय काढायचा नव्हता.

“असू दे. येतील बाहेर.” त्या उठल्या. आतल्या खोलीच्या दारामागे पाहिलं. न्हाणीचं दार हळूच लोटून पाहिलं. पलंगाखाली वाकल्या. बायको माझ्या कानात म्हणाली, “घर तपासून राहिल्या का जी?” मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. मोगऱ्याचं रोप वाळवणाऱ्या घराचीही अशीच झडती झाली असेल, असं मला वाटलं. फोन खिशात थरथरला. मुलीचा निरोप होता: काय म्हणतात. मी लिहिलं: पलंगाखाली बघतात. 

“ती जाळी,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मागे आहे ना?”

आम्ही परसात गेलो. गुलाबी झालर वाऱ्यावर हलत होती. बाईंनी एकदम पुढे होऊन झालर वर केली आणि वाकून आत पाहिलं. आत टोमॅटो होते. लाल, पिवळे, आणि एका झाडावर ते पट्टेवाले, सगळे फोटोतल्यासारखे. माझ्या आयुष्यातली इतकी सुंदर सजावट कुणी इतक्या निराशेने पाहिली नसेल.

“इथे तर कुणीच नाही,” त्या म्हणाल्या.

“कोन पायजे होतं?” बायकोने विचारलं.

“ते. भेदरलेले. ज्यांना कोंडून ठेवलंय म्हणालात.”

“हे काय मंग. भेदरे.” बायकोने एका झुपक्याखाली हात धरला. “हे तुमचे पुन्याचे. अन् नालीवरचे आमचे. मी सांगतलं नाइ का फोनवर, लय झाले म्हनून.”

बाईंनी टोमॅटोकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, नालीकडे पाहिलं. मग अगदी सावकाश, फळ्यावर बेरीज लिहून तपासावी तसं विचारलं, “आणि तुम्ही चोरून कुटता ते?”

“चटनी.”

हे दोन शब्दांचं भांडण मला त्या क्षणी कळलं. मी घाईघाईने समजावून सांगू लागलो. आमच्याकडे भेदरा म्हणजे फळ, भीतीचा त्याच्याशी संबंध नाही. जितकं समजावलं तितका बाईंचा चेहरा लाल होत गेला. त्या चॉकलेटं घेऊन आल्या होत्या. त्या पलंगाखाली वाकल्या होत्या. घरात भावकीची पोरं असतील आणि त्यांना आपल्या धास्तीने मार बसतोय, या काळजीत त्या आठवडाभर झोपल्या नव्हत्या, हे नंतर कळलं. आता मऊपणा ओसरला आणि मुख्याध्यापिका परत खुर्चीवर येऊन बसली.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “या घरात माझी भीती कुणालाच वाटत नाही?”

मी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांचा अनुभव, पाठ केलेली शेकडो वाक्यं, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नाही. वाटते म्हणावं तर भेदरट ठरतो. नाही म्हणावं तर उद्धट. तेवढ्यात माझ्या बाजूने बायको बोलली.

“तुमची कायले? तुमी काय वानर आहा?”

 कुंपणापलीकडे गेटमन काका उभे होते, ते आणखी पुढे वाकले. माझ्या मनात मुलीचा चेहरा आला, आणि तिच्या मागे वाळलेला मोगरा. आता हा विषय पुण्याच्या ताटावर पिढ्यान् पिढ्या निघणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा अर्धा कान बोलला.

“भेदरा आमच्याकडे एकच आहे,” ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. “हा.” आणि वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर केला. “आणि मला तर जाळी पण नाही.”

बाई वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या नवऱ्याचं एवढं लांब वाक्य ऐकलं नसावं. त्यांचे ओठ आवळले गेले, मग एका बाजूने सुटले, मग दुसऱ्या बाजूने. हसू दाबायची सवय असलेल्या माणसाला हसू आलं की खोकला येतो, तसा त्यांना आला. बायकोने पाणी आणून दिलं, आणि पाणी पिता पिता त्या खरोखरच हसल्या. डोळे पुसले, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “हात खाली करा.”

त्यांनी केला.

बायकोने मग दिलेला शब्द पाळला. चूल परसातच आहे. तिने नालीवरचे भेदरे काढले, निखाऱ्यावर टाकले, साली तडकल्यावर काढून मिरची-लसूण-सांबारासोबत पाहुण्यांच्या समोर कुटले. कुटताना मध्येच ती जाळीत शिरली आणि पट्टेवाल्या जातीची फळं सगळीच्या सगळी तोडून आणली. मी हात पुढे केला, पण तोवर ती निखाऱ्यात गेली होती. दिवाळीपासून मी त्यांना टरफलं घातली होती, त्यांच्यासाठी मी गावात अंडी खाणारा ठरलो होतो.

“त्यायले आंबटपना नाइ,” बायकोने बाईंना सांगितलं. “पन चिकट हाये. चटनी धरून राहते.”

गृहस्थांनी दोनदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा कुणाला न विचारता घेतलं. बाईंनी बोटाने चाखली. “मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या. तो जुना करडा आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला. नकार देणारा माणूस मिठाची खोड काढत नाही.

“घ्या मंग वरतून,” बायको म्हणाली आणि वाटी सरकवली. बाईंनी घेतलं.

जेवणं झाली, पान झालं. पूस होता, म्हणून लग्नाचा विषय कुणी काढला नाही. चॉकलेटांची पिशवी कुंपणावरून गेटमन काकांच्या नातवंडांना गेली. संध्याकाळच्या गाडीसाठी निघायची वेळ झाली, तशी बाई दारात थांबल्या. मी बायकोकडे पाहिलं, बायको त्यांच्याकडे पाहत होती.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “भेदरे पसंत आहेत.”

बायको अशा बाबतीत काही अधांतरी ठेवत नाही. “कोनते? जाळीतले का नालीवरचे?”

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हिरव्या बोटांकडे.

“घरातले,” त्या म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

त्यांना गोंदियाला सोडून परत आलो तर बायको परसात झाडांना पाणी घालत होती. संध्याकाळी नको म्हणून सांगितलेलं असतानाही. “आता विहीनबाई म्हनू का?” तिने विचारलं.

“माघ लागू दे.”

कुंपणावर गेटमन काका होतेच. “काय जी, डेकोरेशनवाले. जमलं का?”

“टमाटर पाहायले आले होते.”

“ते मले मालूम हाये. जमलं का?”

 पूस होता. मी फक्त बांबूंवरची हिरवी जाळी सोडवून तिची घडी केली. झालर तशीच राहू दिली.